वाचा गेलेल्या बंधूशीं बोलणें

शास्त्रपाठ : लूक १ : ५-२५ व ५७-६४, १ शमुवेल १ : ९-१८



जखऱ्या याजक मंदिरांत धूप जाळावयास गेला आणि मुका होऊन बाहेर आला, ही कथा आपल्या रविवारच्या शाळेंतील लहान मुलांसही ठाऊक आहे. नाताळ जवळ आला म्हणजे ती वाचावयाची आणि योहानाच्या जन्मापर्यंत येऊन पुढें जावयाचें, असा आपला परिपाठ पडला आहे. आज आम्ही त्या कथेंतील एका लहानशा प्रसंगापाशीं थांबणार आहों. मूल आठ दिवसांचें झालें. सुंतेसाठीं सगेसोयरे जमले, आणि बापाचेंच नांव मुलास ठेवावें असें त्यांनीं आपसांत ठरवूनही टाकिलें. बाप त्याच घरांत होता. अलीशिबा मध्यें पडली नसती तर त्यास कोणी विचारिलें असतें असें दिसत नाहीं. तिनें योहान हें नांव सांगितलें, तेव्हां मंडळीनें हरकत घेतली, आणि मग कोठें त्यांनीं खुणा करून जखऱ्याचें मत विचारिलें. त्यानें पाटी मागितली.

ज्या घरांत वडील माणसाची वाचा गेली आहे त्या घरीं हा प्रसंग रोज घडत असतो. मुलीची सोयरीक ठरते, शेताचा तुकडा विकला जातो, हळद हिंगोलीस न्यावयाची कीं वसमतेस हें ठरतें, आणि ज्यास विचारल्यावांचून आजवर कांहीं झालें नाहीं तो मनुष्य खाटेवर बसून पाहत राहतो. हें कोणी दुष्टपणानें करीत नाहीं. उत्तर येत नाहीं म्हणून प्रश्नच बंद होतो.

हें आम्हांस हिंगोली जिल्ह्यांतील साखरा येथें एका ख्रिस्ती घरीं गेल्यावर कळलें. त्या घरचे वृद्ध गृहस्थ पुष्कळ वर्षें उपदेशकाचें काम करीत असत. त्यांचें नांव येथें देत नाहीं. गांवोगांव त्यांस 'बाबा' म्हणत, तेंच पुरे आहे. सायकलीला पुस्तकांची पिशवी अडकवून वाडीवस्तीवर जाणारे, शेतांत खुरपणी चालली असतां बांधावर बसून बायामाणसांस प्रभूचे दृष्टांत सांगणारे, असे हे गृहस्थ. सारें आयुष्य बोलण्यांत गेलें. एके दिवशीं पहाटे त्यांच्या अंगावरून वारें गेलें. उजवा हात आणि उजवा पाय लुळा पडला, आणि मुखांतून एकच शब्द निघूं लागला. तो शब्द 'नाहीं' हा. चहा घेतां काय? नाहीं. कोठें दुखतें काय? नाहीं. नातू मांडीवर येऊन बसला कीं त्याच्या डोक्यावर डावा हात फिरवीत, डोळ्यांत पाणी आणून म्हणावयाचें, नाहीं, नाहीं.

ह्या विकारास वैद्यकांत वाचाघात असें नांव आहे. त्यांत घशाचा दोष नसतो. कानही चांगले असतात. मेंदूंतील रक्तवाहिनींत गुठळी अडकली, किंवा ती फुटून रक्त सांडलें, किंवा मोटारसायकलीवरून पडून डोक्यास मार बसला, म्हणजे मेंदूचा जो भाग शब्द शोधून देतो त्यास इजा होते. बहुतेक माणसांत हा भाग मेंदूच्या डाव्या अंगास असतो, आणि शरीराच्या उजव्या अंगाची हालचालही तेथूनच चालते. म्हणून उजवा हात व वाणी हीं दोन्हीं पुष्कळदां एकदमच जातात. स्तोत्रसंहितेच्या १३७ व्या अध्यायांत बाबेलांतील बंदिवान गवई स्वतःस शाप घेतो, तो नेमक्या ह्याच दोन गोष्टींचा, उजव्या हाताचा आणि जिभेचा. त्या काळीं मेंदूची रचना कोणास ठाऊक होती? परंतु अशीं माणसें त्यानें आपल्या गांवीं पाहिलीं असावीं, असें आम्हांस वाटतें.

सर्वांची दशा एकसारखी नसते. कोणास समजतें सारें, पण शब्द एकदोनच येतात. कोणी भराभर बोलतो, पण म्हशीला खाट म्हणतो आणि खाटेला भलतेंच कांहीं. आणि आपण चुकतों हें त्यास कळत नाहीं, तुम्हीं काय म्हटलें तेंही नीट कळत नाहीं. कोणाचें वाचणें राहतें, कोणाचें तेंही जातें. पहिल्या कांहीं महिन्यांत सुधारणा अधिक होते. पुढेंही वर्षानुवर्षें थोडीथोडी होत राहते, म्हणून सहा महिन्यांनीं आशा सोडूं नये.

येथें उपदेशक बंधूंस एक व्यवहाराची गोष्ट सांगून ठेवितों, कारण खेड्यांत रात्रीअपरात्रीं प्रथम तुम्हांसच बोलावणें येतें. तोंड एका बाजूस वांकडें झालें, एक हात उचलत नाहीं, बोलणें अडखळलें, ह्यांपैकीं एकही चिन्ह अकस्मात् दिसलें तर प्रार्थना गाडींत बसून करा. गुठळी विरघळविणारें इंजेक्शन साधारणपणें साडेचार तासांच्या आंत द्यावें लागतें, आणि तेंही मेंदूचें सी.टी. स्कॅन काढून, रक्तस्राव नाहीं ह्याची खात्री झाल्यावर. आपल्या भागांतून अशा रुग्णालयापर्यंतची वाट लांबची आहे. महाराष्ट्रांत २०१४ पासून १०८ ह्या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. कबुतराचें रक्त चोळण्यांत आणि दोरा बांधण्यांत जे तास जातात, त्यांत मेंदू मरत असतो.

आतां दुसरें. बाबांस हा आजार झाल्यावर गांवांत कुजबूज झाली. बाहेरचे म्हणाले, करणी आहे. आपले म्हणाले, पाहा, जखऱ्यानें विश्वास धरला नाहीं म्हणून देवानें त्याची वाचा घेतली. ह्यांचेंही कांहीं पाप असेल. बंधूंनो, जखऱ्याच्या मुकेपणाचें कारण देवदूतानें स्वमुखानें सांगितलें होतें. साखरा येथें कोणता देवदूत आला होता? जन्मांधास पाहून शिष्यांनीं हाच प्रश्न प्रभूस केला होता (योहान ९), आणि पाप ह्याचें कीं ह्याच्या आईबापांचें, हा हिशेबच प्रभूनें बाजूस सारिला. रक्तदाबाची गोळी मध्येंच सोडली होती, असें त्यांच्या मुलानें आम्हांस सांगितलें. ती चूक खरी. तिला शाप म्हणण्याचें कारण नाहीं.

परंतु दुसऱ्यांच्या कुजबुजीचें आम्ही काय सांगावें? आमच्याच हातून त्या घरीं दोन अपराध घडले.

पहिला असा कीं, जखऱ्याची कथा मनांत धरून आम्ही मोठ्या हौसेनें पाटी व खडू घेऊन गेलों. बाबांनीं डाव्या हातांत खडू धरिला, दोन वांकड्या रेघा ओढिल्या, पुष्कळ वेळ पाटीकडे पाहिलें, आणि मग ती हळूच दूर सारून मान खालीं घातली. आम्हांस वाटलें, डाव्या हाताची संवय नाहीं. तसें नव्हतें. जखऱ्याची जीभ बांधली गेली होती, शब्द शाबूत होते; म्हणून त्यानें लिहिलें आणि सर्वांस वाचतां आलें. वाचाघातांत शब्दांच्या कोठारालाच कुलूप लागतें. मग जिभेनें काढा कीं हातानें, दार तेंच. ज्या बंधूस बोलतां येत नाहीं त्यास लिहितां येईलच, असें समजून पाटी पुढें करणें म्हणजे लंगड्यास दुसऱ्या रस्त्यानें धांव म्हणण्यासारखें आहे.

महात्मा जोतीराव फुले ह्यांचें उदाहरण येथें देण्यासारखें आहे. पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकलेले हे थोर गृहस्थ. १८८८ सालीं त्यांस पक्षाघात झाला आणि उजवा हात निकामी झाला. त्यांनीं डाव्या हातानें लिहून 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' सिद्ध केलें. १८९० सालीं ते वारले आणि १८९१ सालीं तें प्रसिद्ध झालें. शब्द आंत जिवंत होते म्हणून त्यांस डावा हात उपयोगीं पडला. ज्याचे शब्दच अडले आहेत त्याचा डावा हात कोण व्हावयाचें? तें त्याच्या घरच्यांस आणि मंडळीस व्हावें लागतें.

दुसरा अपराध पहिल्याहून वाईट. पाटीचा प्रकार झाल्यावर आम्ही बाबांच्या पत्नीकडे वळलों आणि त्यांच्यासमोरच विचारिलें, "आतां ह्यांना कांहीं समजत नसेल, नाहीं का?" बाबांनीं तोंड भिंतीकडे फिरविलें. ती माउली क्षणभर बोलली नाहीं. मग म्हणाली, "समदं समजतंय त्यांना, साहेब. तोंडातून तेवढं येईना."

शिलो येथील मंदिराच्या दारापाशीं एली बसला होता, आणि हन्ना मनांतल्या मनांत प्रार्थना करीत होती. ओठ हालत होते, आवाज नव्हता. एली मोठा याजक, चाळीस वर्षें इस्राएलाचा न्याय केलेला. त्यास ती दारू प्यालेली वाटली. ज्यानें प्रार्थना ओळखावयाची त्यासच ती ओळखतां आली नाहीं. पण एलीची एक गोष्ट चांगली. हन्नेनें सांगितल्यावर त्यानें हट्ट धरिला नाहीं. आपला शब्द मागें घेऊन तिला आशीर्वाद दिला. आम्हींही बाबांच्या खाटेपाशीं बसून त्यांची क्षमा मागितली. ते म्हणाले, "नाहीं." आणि आमचा हात धरून ठेविला. (अडखळत चालणाऱ्या व अडखळत बोलणाऱ्या अशा मनुष्यास बाजारांत दारूबाज समजून हंसतात, हेंही ह्याच प्रसंगावरून ध्यानांत घ्यावें.)

पॅरिस शहरांत पॉल ब्रोका नांवाच्या डॉक्टरानें १८६१ सालीं अशाच एका रुग्णाच्या मेंदूची मरणोत्तर तपासणी करून वाणीचें ठिकाण मेंदूंत दाखविलें, आणि त्यावरून ह्या विद्येस मोठी गति मिळाली. तो रुग्ण २१ वर्षें रुग्णालयांत होता. त्याला 'तान' एवढेंच बोलतां येई, म्हणून सर्व त्यास 'तान' ह्याच नांवानें ओळखूं लागले. त्याचें खरें नांव लबोर्न होतें. वाचा गेल्यावर नांवही गेलें. आमच्या बाबांस वस्तीवरचीं पोरें 'नाहींबाबा' म्हणूं लागलीं होतीं; त्यांस आम्हीं ही गोष्ट सांगितली.

ह्या विषयांत आमची खरी शिक्षिका ती माउली झाली. तिला अक्षरओळख नाहीं. मुंबईस वांद्र्याला अलीयावर जंग संस्था आहे, तेथें वाणीचे उपचार शिकविले जातात, हें तिच्या कानींही नाहीं. पण जें ती करते तेंच जाणते वैद्य सांगतात.

घरीं टी.व्ही. चालूं असला तर ती प्रथम तो बंद करते. दोघेंतिघें एकदम बोलूं लागलीं तर म्हणते, "एकानं बोला, त्यांना कंचं ऐकावं कळंना." मग त्यांच्या समोर, त्यांस आपलें तोंड दिसेल असें बसते. ओरडत नाहीं, बहिरेपण नाहीं तर ओरडावयाचें कशाला? लहान मुलाशीं बोलावें तसेंही बोलत नाहीं. नवऱ्याशीं जशी आजवर बोलली तशीच, "अहो" म्हणूनच, फक्त वाक्य आंखूड. "अहो, जेवायचं का?" असें विचारून थांबते. भात कीं भाकर हें तोंडानें विचारीत नाहीं. दोन्हीं ताटांत दाखविते, आणि ते बोट ठेवितात. मुलाचें बोलणें निघालें तर भिंतीवरचा फोटो दाखविते, शेताचें निघालें तर हळदीचें कुडें हातांत घेते. विषय बदलला तर तसें सांगते, "आता दुसरं बोलते."

आणि थांबते. बंधुभगिनींनो, हें थांबणें आम्हां उपदेशकांस सर्वांत कठीण. आम्हांस मौनाची भीति वाटते; कोणी क्षणभर अडला कीं त्याचें वाक्य आपणच पुरें करून मोकळे होतों. आम्हीं तिला विचारिलें, इतका वेळ कशी थांबतां? तर म्हणाली, तांदूळ निवडते. सूप अर्धं होईस्तवर त्यांचं काहीतरी येतंच. कधीं शब्द येतो, कधीं हाताची खूण, कधीं नुसती नजर दाराकडे जाते. तेवढ्यावरून ती विचारते, "भाईर जायचं?" चुकलें तर पुन्हां विचारते. दिवस कलला म्हणजे बाबा थकतात आणि सकाळीं येत होतें तेंही येत नाहीं, म्हणून महत्त्वाचें बोलणें ती न्याहारीनंतर काढते.

रेव्ह. नारायण वामन टिळक ह्यांचें 'ख्रिस्तायन' अपुरें राहिलें होतें तें त्यांच्या पश्चात् लक्ष्मीबाईंनीं पुरें केलें, आणि त्याबद्दल सारी मराठी मंडळी त्यांची ऋणी आहे. पण तें पश्चात् होतें. मनुष्य समोर जिवंत बसला असतां त्याचें वाक्य आपण पुरें करावें हें निराळें. त्याची इच्छा असेल तर शब्द सुचवावा. तो सुचविलेला शब्द त्याचा आहे काय, हें त्यास विचारावें. आणि नसेल तर परत घ्यावा.

आणखी एक. न कळलें तर ती कळल्याचें सोंग करीत नाहीं. आम्ही मात्र पहिल्या भेटींत बाबांच्या प्रत्येक "नाहीं" ला "हो हो, देवाची इच्छा" म्हणून मान हालविली होती. त्यांस पाणी हवें होतें, हें मागाहून कळलें.

हळूहळू आम्हांसही दिसूं लागलें कीं त्या एका "नाहीं" त पुष्कळ "नाहीं" आहेत. एक खालच्या स्वरांतला, त्याबरोबर हात छातीवर येतो; तो होकार. एक तुटका, त्याबरोबर हात झाडला जातो, तो नकार. एक लांब, वर चढत जाणारा, तो प्रश्न. ज्यांच्या ओठीं हो व नाहीं यांची अदलाबदल होते त्यांच्याशीं अंगठ्याची किंवा मानेची खूण आधींच ठरवून घ्यावी, आणि महत्त्वाची गोष्ट उलटसुलट दोनदां विचारावी.

एके संध्याकाळीं घरीं उपासना होती. टाळ वाजला, जुनें गीत सुरू झालें, आणि बाबांच्या मुखांतून गीताचे शब्द येऊं लागले. एक नव्हे, सबंध कडवें! बाया रडूं लागल्या. कोणी म्हणाला, चमत्कार झाला. गीत संपलें आणि बाबा म्हणाले, "नाहीं." पाठ असलेलें गीत व सूर ह्यांचा मार्ग मेंदूंत कांहीं अंशीं निराळा असतो, म्हणून बोलतां न येणाऱ्यास गातां येतें. १९७३ सालीं अमेरिकेंतील कांहीं तज्ज्ञांनीं ह्याच गोष्टीवरून, सुरावर वाक्यें बसवून बोलणें शिकविण्याची रीत पुढें मांडली. कोणास तिचा उपयोग होतो, कोणास होत नाहीं. तेव्हां आपल्या बंधूबरोबर अवश्य गा, रोज गा. पण पाहुणा आला कीं "बाबा, गाऊन दाखवा" असें करूं नका.

आणि जसें गीत आपोआप येतें तशी कधीं शिवीही येते. हें सांगण्यास संकोच वाटतो, पण सांगितलें पाहिजे, कारण तीवरूनच पुढचा प्रश्न निघाला. आयुष्यांत ज्यांनीं अपशब्द उच्चारिला नाहीं त्या बाबांच्या तोंडून एकदां मंडळींत, काठी घसरली असतां, वाईट शब्द गेला. तो इच्छेनें आलेला नव्हता. संतापाचे व भीतीचे शब्दही पाठ केल्यासारखे मेंदूंत बसलेले असतात आणि कुलूप चुकवून बाहेर येतात. मंडळीस तें कोण सांगणार? पंचांपैकीं एक वडील बंधु आमच्याकडे आले. गृहस्थ सरळ, शास्त्र जाणणारे. म्हणाले, पौलानें करिंथकरांस लिहिलें आहे कीं मनुष्यानें आत्मपरीक्षा करून मगच प्रभुभोजन घ्यावें. हे तर विश्वास आहे काय असें विचारिलें तरी "नाहीं" म्हणतात, आणि वर असे शब्द. ह्यांस भाकर कशी द्यावयाची?

आम्हीं त्या प्रश्नाचा राग मानिला नाहीं. त्यांच्या मनांत भोजनाविषयीं भय होतें, आणि तें भय आजकाल कमी झालें आहे. पण आम्हीं त्यांस विचारिलें, पौलानें परीक्षा कोठें करावयास सांगितली, जिभेवर कीं अंतःकरणांत? पेत्राची जीभ चांगली होती. आंगणांत शेकोटीपाशीं तीन वेळां "नाहीं" म्हणाला, शापून व शपथ वाहून म्हणाला. तरी प्रभूनें त्यास टाकिलें नाहीं. ज्याचें अंतःकरण हो म्हणत असतां जीभच नाहीं म्हणते त्यास तो टाकील काय? रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या ८ व्या अध्यायांत पौल असेंही सांगतो कीं प्रार्थना कशी करावी हें आपणांस कळत नाहीं तेव्हां शब्दांत न येणाऱ्या कण्हण्यानें आत्मा स्वतः आपल्यासाठीं विनंती करितो. आपल्या घडलेल्या प्रार्थनांपेक्षां हें कण्हणें देवापाशीं कमी पोहोंचतें, असें त्यांत कोठें आहे?

ते बंधु म्हणाले, तरी एकदां विचारून पाहूं. आम्ही दोघे साखरा येथें गेलों, सकाळीं, न्याहारीनंतर. टी.व्ही. बंद केला. त्यांनीं स्वतःच खाटेसमोर बसून विचारिलें, "बाबा, येशू तुमचा तारणारा आहे काय?" बाबा म्हणाले, "नाहीं," आणि डावा हात छातीवर ठेविला. बंधूंनीं उलट विचारिलें, "बाबा, तुम्हांला मंडळीपासून दूर राहावयाचें आहे काय?" "नाहीं!" हात असा झाडला गेला कीं शेजारचा पेला पडला. पत्नी दारांतून म्हणाली, "त्यांचा हात बघा, तोंड बघू नका." आम्हांस मात्र त्या वेळीं लाज वाटली, कारण मंडळींतल्या इतर कोणाही मनुष्यास, ज्यास धडधडीत बोलतां येतें त्यास, आम्हीं कधीं घरीं जाऊन असें विचारिलें नव्हतें.

ज्यांच्या घरीं असा रुग्ण आहे त्यांस आणखी कळवितों कीं २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यांत कायमच्या वाचाघातानें आलेली वाणीची अपंगताही गणिली आहे. जिल्हा रुग्णालयांत तपासणी करून प्रमाणपत्र मागतां येतें. उपदेशक बंधूंनीं कागदपत्र भरून देण्यांत व बरोबर जाण्यांत साहाय्य करावें. ज्यास आपलें नांव सांगतां येत नाहीं त्यास कचेरींत एकटा धाडूं नये.

पुढच्या प्रभुभोजनाच्या रविवारीं बाबांस खुर्चीवर बसवून मंडळींत आणिलें. अशा रुग्णांस पुष्कळदां गिळण्यासही त्रास होतो, म्हणून डॉक्टरांस विचारून भाकरीचा अगदीं लहान तुकडा द्राक्षरसांत भिजविला. आम्ही त्यांच्यापुढें गेलों तेव्हां ते स्पष्ट आवाजांत म्हणाले, "नाहीं," आणि डावा हात पुढें केला. मागच्या ओळींत एक मूल हंसलें. त्याच्या आईनें त्यास उगी केलें. तुकडा हातावर ठेविला. तोंडाची उजवी बाजू लुळी असल्यामुळें रस हनुवटीवर ओघळला. तो वडील बंधु आपल्या जागेवरून उठून आला, आपल्या उपरण्याच्या टोंकानें त्यानें तो पुसला, आणि उपासना संपेपर्यंत त्यांच्या शेजारींच बसला.